‘अ’ जीवनसत्त्व : साखरेत नाही, धुऱ्यावर आहे



या पत्रिकेतून आम्ही नेहमी बेणे, खोडवा, पाण्याच्या पाळ्या आणि साखर उतारा यांविषयीच लिहितो. सभासदही आधी भावाचे आकडे पाहतात आणि मग बाकीचे वाचतात. त्यात गैर काही नाही. या अंकात मात्र थोडी जागा घरातल्या ताटासाठी घेत आहोत. कारण ज्या वस्तूविषयी लिहायचे आहे ती आपल्या वऱ्हाडात, अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत फुकट उगवते, आणि तरीही कित्येक लेकरांच्या पोटात जात नाही.

आधी खूण सांगतो. दिवसभर हुंदडणारे पोर सांज पडली की एका जागी बसून राहते. पुढ्यातली वाटी हाताने चाचपते. हाक मारली तर आवाजाच्या दिशेने येते, पण वाटेत बाजेला धडकते. याला आपल्याकडे रातांधळे म्हणतात. डॉक्टरच्या कितीतरी आधी हे आईच्या लक्षात येते. घरात चिमणी-कंदील होते तेव्हा ते लवकर उमगत असे. आता घरात बल्ब आणि रस्त्यावर खांबाचा दिवा, त्यामुळे ते झाकून राहते असे आम्हाला वाटते. म्हणून लहान लेकराला अधूनमधून दिवा लावण्याआधी, मावळतीच्या अंधुक उजेडात, अंगणात चालवून पाहावे.

एवढ्यावर लक्ष दिले नाही तर पुढची पायरी येते. डोळ्याच्या पांढऱ्या भागाची चकाकी जाते, तो कोरडा दिसतो आणि बुबुळाच्या बाजूला साबणाच्या फेसासारखा पांढुरका डाग उठतो. 1863 मध्ये बिटो नावाच्या फ्रेंच डॉक्टराने या डागाचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचेच नाव आहे. त्यानंतरची पायरी वाईट. बुबुळ कोरडे पडते, त्यावर जखम होते, ते मऊ होऊन काही दिवसांत वितळावे तसे जाते. तो डोळा परत येत नाही. पहिल्या पायरीवर औषध मिळाले तर मात्र रातांधळे एक-दोन दिवसांतच ओसरू लागते. इतका झटपट गुण येणारी दुखणी थोडीच असतात.

हे सगळे ‘अ’ जीवनसत्त्वाच्या, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या, कमतरतेने होते. डोळ्याच्या आतल्या पडद्यात अंधुक उजेड टिपणारा एक तांबूस-जांभळा पदार्थ असतो. तो एका प्रथिनाचा आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अंशाचा मिळून बनतो. उजेड पडला की त्याची जोडी तुटते, अंधारात पुन्हा जुळते. दर खेपेला थोडा अंश वाया जातो, तो रक्तातून भरून यावा लागतो. रक्तातच नसेल तर अंधारात दिसणे बंद. जॉर्ज वॉल्ड या शास्त्रज्ञाने 1933 मध्ये डोळ्याच्या पडद्यात हे जीवनसत्त्व आहे असे दाखवले, आणि या कामासाठी 1967 चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. आपल्या जुन्या लोकांना प्रथिन-बिथिन ठाऊक नव्हते, पण उपाय ठाऊक होता. सुश्रुतसंहितेत नक्तांध्यावर, म्हणजे रातांधळ्यावर, बकऱ्याच्या यकृताचा उपचार सांगितला आहे. यकृत म्हणजे कलेजी. ‘अ’ जीवनसत्त्वाचा शरीरातला साठा तिथेच असतो.

पण हा मामला डोळ्यापुरता नाही, आणि लोकांच्या नेमके हेच लक्षात येत नाही. नाक, घसा, श्वासनळी, आतडी, मूत्रमार्ग या सर्वांना आतून ओलसर अस्तर असते. पाटाचे अस्तर फुटले की पाणी कुठेही मुरते, तसे हे अस्तर कोरडे पडून तडकले की रोगजंतूंना वाट मिळते. लेकराला वारंवार हगवण लागते, छाती भरते, ताप येतो. गोवर आला की तर दुहेरी नुकसान: गोवर शरीरातला ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा भराभर संपवतो, आणि साठा कमी असलेल्या लेकरालाच गोवर जास्त झोडपतो. गोवरानंतर डोळे गेलेली माणसे जुन्या गावांत असत. लोक देवीचा कोप म्हणत. बहुतेकांचे यकृतातले पेव रिकामे होते, एवढेच.

येथे दूरच्या देशातली एक हकिकत सांगण्यासारखी आहे. सहकाराची गोष्ट निघाली की डेन्मार्कचे नाव निघते. तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी दूधशाळा जगभर नावाजलेल्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याच देशात कोपनहेगनच्या ब्लॉख नावाच्या बालवैद्याकडे डोळे कोरडे पडलेली, बुबुळ गेलेली मुले येऊ लागली. दुधा-लोण्याच्या देशात हे कसे? तर लोणी परदेशात जात होते, चांगला भाव मिळत होता, आणि गरिबांच्या घरात मलई काढलेले दूध आणि वनस्पती तेलाचे मार्गारिन येत होते. ‘अ’ जीवनसत्त्व दुधाच्या स्निग्धांशात असते. ते सगळे लोण्याबरोबर बोटीत चढत होते. पुढे युद्धामुळे मार्गारिनचा कच्चा माल येणे थांबले, लोणी देशातच राहिले आणि रेशनवर वाटले गेले, तेव्हा 1918 मध्ये हा डोळ्यांचा रोग एकदम कमी झाला. युद्ध संपून लोणी पुन्हा बाहेर जाऊ लागले आणि मुलांचे डोळे पुन्हा कोरडे पडू लागले.

आमचा रोख सभासदांना कळला असेल. दूध डेअरीला घालू नका असे आम्ही म्हणत नाही. उसाचे बिल हाती येईपर्यंत घरखर्च त्यावरच चालतो. पण सगळे दूध किटलीत ओतून घरात फक्त चहापुरते ठेवायचे, हा हिशेब लेकरू दोन-तीन वर्षांचे असताना महागात पडतो. म्हशीचे दूध-तूप पांढरे म्हणून कमी कसाचे, हाही गैरसमज आहे. गाईच्या दुधात पिवळा कॅरोटीन तसाच उतरतो. म्हैस त्याचे आधीच ‘अ’ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून रंग दिसत नाही. जनावर नुसत्या कडब्यावर असेल तर दुधातही हे जीवनसत्त्व घटते, हिरवा चारा असेल तर वाढते.

आता ते मिळते कशातून ते पाहू. तयार रूपात ते फक्त प्राण्यांकडून मिळते: दूध, तूप, अंडी, कलेजी, मासळीच्या यकृताचे तेल. झाडपाल्यात तयार जीवनसत्त्व नसते, त्याचा कच्चा माल असतो, तोच कॅरोटीन. गाजर, पपई, पिकलेला आंबा यांचा केशरी रंग त्याचाच. गडद हिरव्या पाल्यातही तो भरपूर असतो, फक्त हिरव्या रंगाखाली झाकलेला. शरीर त्याचे रूपांतर करते, पण उतारा कमी पडतो. पूर्वी सहा भाग कॅरोटीनला एक भाग जीवनसत्त्व धरत. आता बारा भागांना एक धरणारे शास्त्रज्ञ पुष्कळ आहेत. उसाच्या उताऱ्यावर जन्म काढलेल्या माणसांना हे वेगळे समजवायला नको. हा उतारा वाढवायला भाजी शिजवलेली हवी आणि तिच्यावर तेल हवे. कॅरोटीन तेलात विरघळतो; कोरड्या जेवणातून तो तसाच बाहेर पडतो. फोडणीचे एक चमचा तेल लेकराच्या वाटीत पडलेच पाहिजे. आपल्या बायका अंबाडीच्या भाजीवर लसणाची चरचरीत फोडणी ओततात, ती नुसती चवीची गोष्ट नव्हे.

एक ते तीन वर्षांच्या लेकराला दिवसाला 390 मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व लागते, चार ते सहा वर्षांच्या लेकराला 510. मोठ्या पुरुषाला 1000, बाईला 840, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला 950, कारण तिच्या दुधातून ते बाळाला जाते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे लेकराला वर्षभरात लागणारे सगळे जीवनसत्त्व एका चिमटीतही भरणार नाही. आणि एवढ्यासाठी डोळे जातात.

आपल्या रोजच्या ताटात काय असते? ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, बेसन, ठेचा, गव्हाची पोळी, सोयाबीनचे तेल. पोट भरायला, ताकदीला हे अन्न उत्तम. पण ‘अ’ जीवनसत्त्वाच्या बाबतीत ही सगळी मंडळी जवळजवळ कोरी. भात तर पूर्ण कोरा. उपवासाला पांढरे रताळे खातो, त्यातही नावालाच. केशरी गराचे असेल तर गोष्ट वेगळी. साखरेत शून्य. गुळात लोह वगैरे थोडेफार असते म्हणून गूळ ‘अ’ जीवनसत्त्वही देईल असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

मग उरतो पाला. आणि याबाबतीत वऱ्हाड गरीब नाही. अंबाडी, मेथी, पालक, माठ, तांदुळजा, चवळीचा पाला हे तर आहेच. शिवाय पाऊस पडला की धुऱ्यावर तरोटा उगवतो, वावरात काटेमाठ आणि घोळ येते, चिवळीची भाजी मिळते. यांची कोणी लागवड करत नाही. निंदण करणाऱ्या बाया दुपारी ओच्यात चार मुठी घेऊन घरी येतात आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात. शेवगा, म्हणजे आपल्याकडच्या काही गावांत मुनगा, याच्या पानांची बरोबरी तर गाजरालाही नाही: वजनाला वजन घेतले तर पानांत गाजराच्या सुमारे तिप्पट कॅरोटीन. आपण शेंगा बाजारात नेतो, पाने शेळीला टाकतो. शेळीची तब्येत छान असते. लाल भोपळा, ज्याला आपण कोहळे म्हणतो, तोही कामाचा. पोळ्याला कोहळ्याची बोंडे करतो तो दिवस सोडून एरवीही त्याची भाजी झाली पाहिजे.

अडचण दोन ठिकाणी येते. पहिली ऋतूची. फाल्गुन सरला की पाला आटतो, आणि मृगाच्या पावसापर्यंत ताट कोरडे. मधले दोन महिने आंबा-पपई मिळाली तर मिळाली. यकृतात साठा असेल तर हे दिवस निभतात, कारण चांगल्या पोसलेल्या मोठ्या माणसाचा साठा कित्येक महिने पुरतो. लहान लेकराचे पेवच छोटे. दुसरी अडचण आपणच आणलेली. उसात आणि इतर पिकांत तणनाशक आले, मजुरी वाचली, त्याला आमचा विरोध नाही. परंतु अट्राझीन, टू-फोर-डी मारले की तणाबरोबर माठ, घोळ, तांदुळजाही जातो. ज्या वावरात फवारा मारला तिथली उरलेली पालेभाजी खायची तर नाहीच. म्हणून आमची सूचना अशी की, विहिरीजवळचा किंवा धुऱ्याचा एक पट्टा फवाऱ्याच्या वाऱ्यापासूनही दूर ठेवावा आणि तिथे पाला राहू द्यावा. घरातल्या बाईमाणसाला विचारून जागा ठरवावी. कोणती भाजी कुठे येते हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

साखरेत ‘अ’ जीवनसत्त्व शून्य असे वर म्हटले. पण ते बाहेरून घालता येते, आणि एका देशाने घातलेही. मध्य अमेरिकेतला ग्वाटेमाला हा उसाचा देश. तिथल्या पोषण संस्थेने पाहिले की गरिबातला गरीबही थोडी साखर खातो आणि साखर ठराविक कारखान्यांतूनच निघते. 1974 मध्ये कायदा झाला आणि पुढच्या वर्षीपासून साखरेत ‘अ’ जीवनसत्त्व मिसळू लागले. रीत साधी: जीवनसत्त्वाची भुकटी, ती चिकटावी म्हणून थोडे खाद्यतेल आणि साखर यांचे घट्ट मिश्रण आधी करायचे; सेंट्रीफ्युगलमधून साखर निघाली की एक टन साखरेला एक किलो या मापाने ते सोडायचे. किलोला 15 मिलिग्रॅम प्रमाण पडते. म्हणजे दिवसाला 20 ग्रॅम साखर खाणाऱ्या लेकराला कारखान्याच्या मापाने 300 मायक्रोग्रॅम. मधली काही वर्षे ही योजना बंद पडली, लेकरांची स्थिती पुन्हा घसरली, आणि 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा सुरू करावी लागली. आफ्रिकेतल्या झांबियानेही 1998 पासून हीच वाट धरली.

आपल्या देशात साखरेत नव्हे, तर वनस्पती तुपात, आणि अलीकडे तेलात आणि दुधात हे घालतात. 2018 पासून त्याचे नियम आहेत आणि अशा पिशवीवर ‘प्लस एफ’ अशी निळी खूण असते. सुट्या तेलात ते नसते. साखरेची वाट आपल्याकडे घ्यावी का, असे कोणी विचारले तर आम्ही साखर विकणारे असूनही ‘नको’ म्हणू. जास्त साखर खाणाऱ्याला जास्त जीवनसत्त्व, म्हणजे सावकाराच्या मुलाला मजुराच्या मुलापेक्षा जास्त. शिवाय लेकराला साखर खायला आणखी एक निमित्त.

औषधाचा मार्ग आपल्याकडे जुना आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या प्रयोगांनंतर 1970 मध्ये लहान मुलांना मोठी मात्रा पाजण्याची योजना देशात सुरू झाली. आज नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर एक लाख युनिट, दीड वर्षाच्या सुमारास दोन लाख, आणि मग दर सहा महिन्यांनी दोन लाख, पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत. एकूण नऊ मात्रा, सतरा लाख युनिट. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात फुकट. दोन लाख युनिट म्हणजे 60 मिलिग्रॅम. लहान लेकराच्या गरजेने भागले तर पाच महिन्यांची बेगमी. सगळी अंगी लागत नाही हे खरे.

या मात्रेने किती जीव वाचतात यावर शास्त्रज्ञांत वाद आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आल्फ्रेड सॉमर या अमेरिकन नेत्रवैद्याने इंडोनेशियात पाहिले की रातांधळी लेकरे इतरांपेक्षा जास्त मरतात, आणि 1986 मध्ये मात्रेमुळे मृत्यू 34 टक्क्यांनी घटल्याचे प्रसिद्ध केले. 1990 मध्ये मदुराईकडच्या प्रयोगात दर आठवड्याला थोडी थोडी मात्रा दिली, तिथे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याच वर्षी हैदराबादच्या संशोधकांना फरक दिसला नाही. उत्तर प्रदेशात तर सुमारे दहा लाख मुलांवर प्रयोग झाला. 2013 च्या अहवालात घट अवघी 4 टक्के, तीही खात्रीची नाही. आमची समजूत अशी की, जिथे ताट रिकामे आणि गोवर मोकाट तिथे मात्रा फार काम करते. जिथे लस आणि पाला पोचला तिथे कमी. डोळ्यांसाठी आणि गोवरासाठी मात्र वाद नाही. गोवर आलेल्या लेकराला लागोपाठ दोन दिवस वयाप्रमाणे मात्रा द्यावी असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. देशात 2016 ते 2018 या काळात पाहणी झाली, तेव्हा एक ते चार वर्षांच्या दर शंभर मुलांत अठरा मुलांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघाले. हा प्रश्न संपलेला नाही.

आपल्या जिल्ह्यात तर नाहीच नाही. मेळघाटातल्या, धारणी-चिखलदऱ्याच्या बालमृत्यूंचे प्रकरण 1993 मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या मृत्यूंना एकच कारण नव्हते. उपासमार, हगवण, न्यूमोनिया, दूरचा दवाखाना सगळेच होते. पण जिथे ही सगळी मंडळी एकत्र येतात तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असतेच.

आणि येथे कारखान्याचा संबंध येतो. गळिताचा हंगाम म्हणजे पाच महिने, कधी सहा. मात्राही सहा महिन्यांनी. जे कुटुंब दिवाळीनंतर कोयता घेऊन गाव सोडते आणि होळीच्या पुढे परतते, त्याच्या लेकराची एक मात्रा हमखास बुडते. गावच्या अंगणवाडीत नाव आहे, लेकरू नाही. कारखान्याच्या तळावर लेकरू आहे, नाव नाही. खोपीत शिजते ती भाकर आणि मिरची. ज्या सभासदाच्या फडात टोळी उतरते त्याने मुकादमाकडून पाच वर्षांखालच्या मुलांची यादी घ्यावी आणि जवळच्या अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना द्यावी. बाहेरगावच्या मुलालाही ही मात्रा मिळते, त्यासाठी रेशनकार्ड दाखवावे लागत नाही. आधीची मात्रा कधी झाली ते आईला विचारून, कार्ड असल्यास पाहून, नोंदवून घ्यावे. कारण दोन मात्रा एकमेकींच्या फार जवळ पडू नयेत.

हे सांगण्याचे कारण आहे. ‘अ’ जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठते आणि त्रास देते: ओकाऱ्या, डोकेदुखी. म्हणून बाजारातून कॅप्सूल आणून आपल्या मनाने देऊ नये. गरोदर बाईने तर मोठी मात्रा मुळीच घेऊ नये, पोटातल्या बाळाला व्यंग येऊ शकते, कलेजीही बेताने. पालेभाजीची मात्र कोणालाच भीती नाही. फार गाजर-पपई खाल्ली तर तळहात पिवळसर दिसतील इतकेच, आणि ते आपोआप जाते. गाजर खाऊन चष्मा उतरतो ही समजूतही खोटी. म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी दिसेनासे झाले तर बहुधा मोतीबिंदू असतो, त्याला ऑपरेशन लागते. आणि काही घराण्यांत पिढीजात रातांधळे चालते, त्याला या औषधाने गुण येत नाही. डोळ्याच्या डॉक्टरला दाखवूनच ठरवावे.

शेवग्याविषयी दोन शब्द. मृगाचा पाऊस झाला की मनगटाएवढ्या जाडीची दोन-तीन हात लांब फांदी धुऱ्यावर किंवा मोरीच्या पाण्यावर लावावी. पाणी साचू देऊ नये, शेळीपासून जपावे. वरून छाटत राहिले की हाताशी पाला येतो. कोवळी पाने निवडून तुरीच्या किंवा मुगाच्या वरणात शिजवावीत, वरून तेलाची फोडणी. उन्हाळ्यासाठी पाने वाळवायची असतील तर सावलीत, घरात कापडावर पसरून वाळवावीत. कडक उन्हात कॅरोटीन उडतो. चुरा करून झाकणाच्या डब्यात, उजेड लागणार नाही असा ठेवावा. चैत्र-वैशाखात भाजी नसते तेव्हा लेकराच्या वरणात रोज एक चमचा टाकता येतो.